मालगाडीतली अर्धी मूठ

जाड तांदळाचा एक दाणा तळहातावर घ्या. त्याचं वजन साधारण २० मिलिग्रॅम. असे ५० दाणे मिळून एक ग्रॅम, ५० हजार दाणे मिळून एक किलो आणि २० किलोंत १० लाख दाणे. बारीक तांदूळ याहून हलका भरतो, पण हिशेबाला जाड दाणाच बरा. धानाच्या गोंदिया जिल्ह्यात याहून ओळखीचं माप सापडायचं नाही, म्हणून लेख संपेपर्यंत हा दाणा हातात असू द्या.

आता २० किलोंच्या कट्ट्यातला एक दाणा काळा रंगवा आणि पुन्हा कट्ट्यात मिसळा. हे झालं दहा लाखांत एक. रसायनशास्त्रात या प्रमाणाला ‘एक पीपीएम’ म्हणतात. सूप घेऊन बसलेली एखादी चिवट बाई दिवस मावळेपर्यंत तो दाणा हुडकूनही काढील. पण विषांचा हिशेब याच्या हजारपट खाली उतरतो. ‘एक पीपीबी’, म्हणजे अब्जात एक, डोळ्यांसमोर आणायचा तर २० टन तांदूळ ओतावा लागेल. दोन ट्रकभर तांदूळ, आणि त्यात काळा दाणा एकच.

गोंदिया जंक्शनवरून धान्याच्या मालगाड्या जाताना इथली मुलं डबे मोजत मोठी झाली आहेत. ४२ वाघिणींच्या अशा एका गाडीत सुमारे २,६०० टन धान्य असतं. पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालेल याची मर्यादा भारतीय मानकांनी ठरवली आहे: लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० पीपीबी. तीच मर्यादा मालगाडीच्या मापात सांगायची तर ४२ वाघिणींत मिळून १,३०० काळे दाणे. वजन २६ ग्रॅम. अख्खी मालगाडी आणि तांदळाची अर्धी मूठ. त्यावर गेलं की पाणी पिण्यालायक राहिलं नाही.

घरातल्या विषांबद्दल बोलताना पहिली अडचण इथेच येते. आपला डोळा सुपातला खडा टिपायला शिकला आहे. विष खड्याएवढं नसतं. ते डोळ्याच्या मापात येत नाही, वासाच्या मापात क्वचित येतं आणि चवीच्या मापात आलं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून त्याला आकड्यांनीच गाठावं लागतं.

तीन लाख घरं, साडेतीन लाख रसायनं

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत मिळून १३,२२,५०७ माणसं राहत होती. घरटी साडेचार माणसं धरली तर सुमारे तीन लाख घरं झाली. आता दुसरा आकडा पाहा. १९ देश आणि प्रदेशांतल्या सरकारी नोंदी एकत्र करून संशोधकांनी २०२० साली मोजदाद केली, तेव्हा उत्पादनासाठी आणि वापरासाठी नोंदवलेली रसायनं आणि त्यांची मिश्रणं साडेतीन लाखांवर निघाली. जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला एकेक वेगळं रसायन वाटलं तरी ५० हजार शिल्लक राहतील.

हा आकडा घाबरवण्यासाठी सांगितला नाही. या साडेतीन लाखांतली आपल्या उंबऱ्याच्या आत येणारी थोडी, आणि घात करणारी त्याहून थोडी. ती बोटांवर मोजता येतात. कुठल्या कोपऱ्यात कोणतं आहे एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. चला तर, एका घरातून फिरून येऊ.

एका दाण्याइतकं शिसं

सुरुवात शिशापासून, कारण शिशाचे आकडे सर्वांत विलक्षण आहेत. मुलाच्या रक्ताच्या दर डेसिलिटरमागे, म्हणजे १०० मिलिलिटरमागे, ५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं तर ते कुठून आलं ते शोधा आणि थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखाली सारं सुरक्षित आहे, असं मात्र ती म्हणत नाही. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी आजवर सापडलेली नाही.

वर्षा-दीड वर्षाचं, १० किलो वजनाचं बाळ घ्या. त्याच्या अंगात रक्त जेमतेम ८०० मिलिलिटर. त्यात ४० मायक्रोग्रॅम शिसं मिसळलं की ती धोक्याची रेघ गाठली. तांदळाच्या एका दाण्याचं वजन २० हजार मायक्रोग्रॅम. भागाकार करा: एका दाण्याच्या वजनाचं शिसं ५०० बाळांचं रक्त त्या रेघेवर नेऊन ठेवू शकतं.

आता सगळा देश घेऊ. ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात या रेघेइतकं किंवा तिच्यावर शिसं असल्याचा अंदाज मांडला आहे. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. लहान-मोठी मिळून प्रत्येकाच्या अंगात सरासरी दोन लिटर रक्त धरलं, तर रेघेला लागणारं शिसं मुलामागे १०० मायक्रोग्रॅम. साडेसत्तावीस कोटी गुणिले १०० मायक्रोग्रॅम म्हणजे साडेसत्तावीस किलो. एक माणूस खांद्यावर टाकून नेईल एवढा कट्टा! भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्ताला रेघेपर्यंत नेणारं शिसं एकत्र केलं तर ते एवढंच भरेल. गोंदिया जिल्ह्यापुरता हिशेब केला आणि लोकसंख्येचा तिसरा हिस्सा मुलं धरली, तर उत्तर येतं ४४ ग्रॅम. एक मूठ.

एवढ्याशा शिशाने होतं काय? मूल आजारी दिसत नाही, तापत नाही, रडत नाही. त्याची शिकण्याची आणि लक्ष देण्याची ताकद कमी होते. सात देशांतल्या मुलांच्या एकत्रित अभ्यासात रक्तातलं शिसं २.४ वरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढलं तसा बुद्ध्यांक सुमारे ४ गुणांनी घसरलेला दिसला. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण ते सगळं बाहेर पडत नाही. बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं. आज खेळणारी मुलगी उद्या आई होईल, तेव्हा तिच्या हाडांतलं हे जुनं शिसं रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतं. एक मूठ शिसं अशा रीतीने दोन पिढ्यांना पुरतं.

देव्हाऱ्यापासून दारापर्यंत

पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड. त्याच्या वजनात शिसं ९० टक्के. गायकाला शेंदूर चारून त्याचा आवाज घालवल्याच्या गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. शेंदूर पोटात जाऊ नये हे शहाणपण जुनंच आहे. आकडा फक्त नवा. दहा दाण्यांच्या वजनाची एक चिमूट घेतली तर तिच्यात १ लाख ८० हजार मायक्रोग्रॅम शिसं असतं. बाळांच्या हिशेबात साडेचार हजार बाळं. गिळलेलं सगळं शिसं रक्तात उतरत नाही हे खरं. मोठ्या माणसाच्या अंगात त्याचा दहावा हिस्सा जिरतो, लहान मुलाच्या अंगात निम्म्यापर्यंत. म्हणून आकडा निम्मा करा, उरलेला पुन्हा निम्मा करा. तरी तो हजारावरच राहतो.

कुंकवाची गोष्ट वेगळी. हळद आणि चुना यांचं कुंकू निर्धोक असतं. प्रश्न येतो तो लालभडक रंगाच्या पुडीचा. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदुराचे ११८ नमुने तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथल्या दुकानांतल्या ९५ नमुन्यांपैकी ८३ टक्क्यांत आणि भारतातून नेलेल्या २३ पैकी ७८ टक्क्यांत ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं निघालं. काजळाचंही तसंच. दिव्यावर धरलेली काजळी म्हणजे कार्बन. पण दगडापासून केलेला अस्सल सुरमा म्हणजे शिशाचं सल्फाइड, वजनाच्या ८६ टक्के शिसं. बाळाच्या डोळ्यांत तो घालायचा आणि त्याच डोळ्यांवरून फिरलेली मूठ बाळ तोंडात घालणार. भक्ती आणि माया यांत कुठेच कमी नाही. कमी आहे ती फक्त पुडीवरच्या माहितीत.

देव्हाऱ्यातून दाराकडे या. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या दाण्यांत बोलायचं तर २० किलोंच्या कट्ट्यात ९० काळे दाणे. त्याआधीच्या लाल, पिवळ्या, नारिंगी ऑइल पेंटमध्ये हे प्रमाण हजारांत असू शकत होतं. दहा हजार पीपीएम शिशाच्या रंगाची एक ग्रॅमची खपली म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम शिसं, अडीचशे बाळांच्या रेघेइतकं. दिवाळीआधी जुन्या खिडकीचा असा रंग कोरड्या कागदाने घासला की तो धूळ होऊन ओसरीवर, अंथरुणावर, रांगणाऱ्या बाळाच्या तळव्यांवर बसतो. विदर्भातल्या कित्येक घरांत तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदीबैल आजोबांपासून नातवापर्यंत आलेला असतो. तो जपायचाच, पण खपल्या निघत असतील तर नव्या रंगाचा थर देऊन मगच पोराच्या हातात द्यायचा.

आणि कोपऱ्यातली इन्व्हर्टरची बॅटरी. ५०-६० किलो वजनाच्या बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. मघाशी देशभरच्या मुलांसाठी काढलेला साडेसत्तावीस किलोंचा आकडा आठवा. तेवढं शिसं या एका डब्यात आहे. बंद डब्यात ते काही करत नाही. धोका सुरू होतो तो जुनी बॅटरी अंगणात फोडली, वितळवली, तिचं पाणी परसात ओतलं की. म्हणून जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यायची. जुन्या बॅटऱ्या गोळा करणं हा उत्पादकावर कायद्याचा भार आहे आणि बदल्यात पैसेही मिळतात.

ट्रंकेतली पांढरी गोळी

बाळ जन्मलं की आजी ट्रंक उघडते. धुवून धुवून मऊ झालेली जुनी लुगडी निघतात, त्यांची दुपटी होतात. त्या लुगड्यांना डांबर गोळ्यांचा वास असतो.

डांबर गोळी म्हणजे नॅप्थलिन. एक गोळी तीन-चार ग्रॅमची, दाण्यांत मोजली तर दीड-दोनशे दाण्यांची. मोठ्या माणसाला तिचा वास फार तर उग्र वाटतो. पण जगात सुमारे ४० कोटी माणसं अशी आहेत की त्यांच्या तांबड्या पेशींत ‘जीसिक्सपीडी’ नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत हा दोष आढळतो, आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त. अशा बाळाच्या अंगात नॅप्थलिन श्वासातून किंवा कातडीतून गेलं की तांबड्या पेशी फुटू लागतात. कावीळ चढते, रक्त उतरतं, काही बाळं दगावलीही आहेत. युरोपीय संघाने नॅप्थलिनच्या गोळ्या २००८ मध्ये बाजारातून काढल्या. बाळात हा दोष आहे की नाही हे आजीला ट्रंक उघडताना कळणार नाही, पण तिच्या हाती एक सोपी गोष्ट आहे: बाळंतपणाची लुगडी गोळ्यांविना वेगळ्या गाठोड्यात ठेवायची. कडुलिंबाचा पाला कीड दूर ठेवतो आणि दोन दिवसांचं कडक ऊन वास घालवतं.

चार हजार लिटरची खोली

ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकताना सर्वांनी पाहिला आहे. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम. अडीचशे दाण्यांच्या वजनाची ही चिमूट कॉलरा, गॅस्ट्रो, कावीळ रोखते. तिच्यातला क्लोरीन जगातल्या कोट्यवधी माणसांचं पाणी रोज निर्धोक करतो.

तोच क्लोरीन आपण न्हाणीघरात चुकून कसा तयार करतो ते पाहा. फरशी लख्ख व्हावी म्हणून आधी ब्लीच टाकलं, डाग गेला नाही म्हणून वर संडास धुण्याचं ॲसिड ओतलं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १०० मिलिलिटर ब्लीचमध्ये ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट धरलं, तर त्यातून जास्तीत जास्त १.३ लिटर क्लोरीन निघू शकतो. पाण्याच्या बाटलीपेक्षा थोडा अधिक. आता चार फूट रुंद, पाच फूट लांब आणि सात फूट उंच न्हाणीघर मोजा. त्यात सुमारे ४,००० लिटर हवा मावते. भागाकार येतो ३२५ पीपीएम. हवेत १० पीपीएम क्लोरीन झाला की तिथे थांबणं जिवाला तातडीने धोक्याचं, असं अमेरिकेची कामगार-सुरक्षा संस्था मानते. सगळा वायू सुटत नाही असं धरून आकडा दहाव्या हिश्शावर आणला, तरी तो त्या मर्यादेच्या तिप्पट आहे.

शिवाय क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. तो खाली साचतो, आणि फरशी घासणारी बाई उकिडवी बसलेली असते. तिचं नाक फरशीपासून दोन-अडीच फुटांवर असतं. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन फौजेने दीडशे टनांहून जास्त क्लोरीन वाऱ्यावर सोडला, तेव्हाही तो असाच जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला होता. पहिल्या महायुद्धातलं ते हत्यार आपल्या न्हाणीघरात दोन बाटल्यांमध्ये अर्धं-अर्धं उभं आहे. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवायच्या नाहीत आणि एका दिवशी वापरायच्या नाहीत, एवढा नेम घरात पुरतो. चुकून मिसळल्याच, तर श्वास धरून बाहेर यायचं, दार उघडं ठेवायचं आणि पाणी ओतायलाही लगेच आत जायचं नाही.

उदबत्तीएवढी चक्री, पाकीटभर धूर

पावसाळा, बांध्यांत साचलेलं पाणी, रोवणीचे दिवस. मच्छर असणारच, आणि मलेरियाची भीती खरी आहे. म्हणून खाटेखाली चक्री पेटते. चीन आणि मलेशियातल्या डास-चक्र्या तपासून २००३ साली संशोधकांनी सांगितलं की एक चक्री पूर्ण जळाली की तिच्यातून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, आणि फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू ५१ सिगारेटींइतका निघू शकतो. पावसाळ्याच्या १२० रात्री रोज एक चक्री जाळली, तर हिशेब ९ हजारांपासून १६ हजार सिगारेटींपर्यंत जातो. दहाच्या पाकिटांत मोजा: नऊशे ते सोळाशे पाकिटं. धूर खोलीभर पसरतो, फटींतून बाहेर जातो, सगळा छातीत जात नाही. पण दार-खिडकी बंद करून झोपलेल्या लेकराच्या वाट्याला त्यातला बराच येतो. मच्छरदाणीचा धूर शून्य. खर्च एकदाच. डासाला अडवण्याचं काम ती जाळी वर्षानुवर्षं करते.

ज्याला आपण औषध म्हणतो

तुडतुडे आले, खोडकिडा लागला, गादमाशी दिसली की आपण धानावर ‘औषध मारतो’. बाटली दुकानातून येते आणि बांधीवर जाण्याआधी एक-दोन दिवस घरात थांबते. कधी माळ्यावर, कधी खाटेखाली, कधी चुलीमागे. लहान मूल ऐकतं ‘औषध’, आणि औषध म्हणजे पिण्याची गोष्ट एवढंच त्याला ठाऊक असतं.

त्या बाटलीवर एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. शेतकऱ्याच्या घरातलं ते सर्वांत महत्त्वाचं चित्र आहे. प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला शरीराच्या किलोमागे किती मात्रा लागली, त्यावरून रंग ठरतो. लाल म्हणजे १ ते ५० मिलिग्रॅम, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५,०००, आणि हिरवा त्यापुढे. १० किलोंच्या बाळाला हाच हिशेब लावला, तर लाल त्रिकोणाची मात्रा येते १० ते ५०० मिलिग्रॅम. अर्ध्या दाण्यापासून पंचवीस दाण्यांपर्यंत. बाटलीच्या झाकणाला चिकटलेला थेंब एवढा असतो.

बाटली रिकामी झाली तरी हिशेब संपत नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं; तेल त्याच्याच जुन्या डब्यात ठेवलं असावं, असा संशय होता. आणि आपल्याच विदर्भात, २०१७ च्या खरिपात, यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. तिथे विष पोटात गेलं नव्हतं. श्वासातून आणि भिजलेल्या कपड्यांतून अंगात शिरलं होतं. तेच कपडे घरच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजवले की विष शेतातून घरात येतं. म्हणून औषधाला कुलुपाची पेटी हवी, रिकाम्या बाटलीला भोकं पाडायची, आणि फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे. रॉकेल, ॲसिड, फिनाइल यांनाही हाच नेम: पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीच भरायचं नाही. रॉकेलचा मिलिलिटरभर थेंब श्वासनळीत उतरला तरी मुलाच्या फुप्फुसाला सूज येऊ शकते.

कुणी काही प्यायलंच, तर उलटी करवू नका. ॲसिड आणि रॉकेल वर येताना दुसऱ्यांदा भाजतात, छातीत उतरतात. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घ्या. डॉक्टरला लक्षणांपेक्षा बाटलीवरचं नाव लवकर कामाला येतं. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र रात्रंदिवस चालू आहे, त्याचा बिनपैशाचा क्रमांक १८०० ११६ ११७. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या टोकाच्या गावांहून गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत लांबचा रस्ता आहे. तो रस्ता कापताना कानाशी जाणकार आवाज असणं मोलाचं.

शून्यापर्यंत जाता येतं

हे सारे आकडे खाली आणता येतात, आणि आणले गेले आहेत. पेट्रोलमध्ये शिसं मिसळणं भारताने २००० साली बंद केलं. जुलै २०२१ मध्ये अल्जीरियातला शेवटचा पंप थांबला आणि जग त्यातून मोकळं झालं. त्यामुळे दरवर्षी १२ लाख अकाली मृत्यू टळतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा अंदाज आहे. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकेतल्या लहान मुलांच्या रक्तात डेसिलिटरला सुमारे १५ मायक्रोग्रॅम शिसं असे. आज ते एकाच्या खाली आहे. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग लावत. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं. लोकांना सांगितलं, व्यापाऱ्यांना दंड केला, तपासणी चालू ठेवली, आणि २०२१ मध्ये प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत! सरकारने मनावर घेतलं तर असं होतं, आणि ते मागणं हा आपला हक्क आहे.

घरातला शून्य मात्र घरालाच गाठावा लागतो. रंगांनी नटलेली पुडी टाळून हळकुंड दळून आणणं, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, जेवणाआधी पोरांचे हात साबणाने धुणं, त्यांच्या ताटात दूध, शेवग्याचा पाला आणि डाळ असणं. अंगात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की आतडी शिसं कमी ओढतात.

शेवटी पुन्हा सुपाकडे येऊ. या भागात पिढ्यान्‌पिढ्या बाया घरी बसून बिड्या वळत आल्या. सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, मांडीवर सूप, कडेला खेळणारं मूल. मजुरी हजारी. एका बिडीत साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू, म्हणजे हजार बिड्यांचा २०० ग्रॅम. त्यात टक्काभर निकोटिन धरलं तरी २ ग्रॅम, १०० दाण्यांचं वजन. अर्धा ते एक ग्रॅम निकोटिन पोटात गेलं तर धडधाकट माणसाचा जीव जाऊ शकतो. लहान मुलाला त्याचा लहानसा अंशही भारी. दिवसभराच्या कष्टाचं ते सूप संध्याकाळी झटकून भिंतीला टेकवतात. सकाळी हाताशी येईल त्याच सुपात तांदूळ निवडायला घेतला, तर तंबाखूची भुकटी कितीही तीक्ष्ण नजरेला दिसणार नाही. ती डोळ्याच्या मापाची नाही.

म्हणून जे नजरेला जमत नाही ते जागेवर सोपवायचं. ॲसिडची जागा वेगळी, ब्लीचची वेगळी. औषधाची पेटी वेगळी. बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं वेगळं. फवारणीच्या कपड्यांची बादली वेगळी. आणि बिडीचं सूप दाराबाहेरच्या खुंटीला, तांदळाचं सूप आत, चुलीजवळ. दोन सुपांमधलं ते दहा पावलांचं अंतर मालगाडीतली अर्धी मूठ घराबाहेर ठेवतं.